माझा ओहोळ स्वच्छ निघाला

मनीषाचा फोन यायच्या आत हे टाइप करून टाकायचंय, म्हणून चुका झाल्या तर सांभाळून घ्या. दसरा झाला की दरवर्षी तिचा फोन येतो, ती ठरलेला प्रश्न विचारते, मी ठरलेलं उत्तर देते, मग दोघी हसतो. यंदा माझं उत्तर वेगळं आहे. ते तिला सांगायच्या आधी आमचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष मला एकदा नीट मांडायचंय, कारण त्या वर्षी मी जितकी जळले तितकी आयुष्यात कोणावर जळले नाही. अजून मी तिशीचीसुद्धा नाही, म्हणजे पुढे भरपूर संधी आहेत, पण तो रेकॉर्ड मोडेल असं वाटत नाही.

आम्ही तेव्हा डहाणू रोडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. पप्पा सिग्नल खात्यात. दोन खोल्या, मागे ओटा, ओट्यावर धुण्याचा दगड, आणि मालगाडी गेली की मांडणीवरची ताटं थरथरायची, ती गाडी पार पुढे गेली तरी वाजतच राहायची. बाहेरचं कोणी आलं की दचकायचं, आम्हाला ऐकूसुद्धा यायचं नाही. शेजारी ज्योत्स्नाबेन. त्या शाकाहारी, त्यामुळे आमच्याकडे मासे तळायला घेतले की त्या त्यांची खिडकी हळूच लावायच्या, आणि तासाभराने डाळ-तांदळाच्या खमंग हांडव्याची वाटी घेऊन यायच्या, म्हणजे राग नाही हे कळावं म्हणून. आई त्यांच्याशी गुजरातीत बोलायची, आशागडच्या मामाशी तिकडच्या बोलीत, पप्पांशी साध्या मराठीत आणि माझ्याशी ओरडून. या घरात मी एकुलती एक. बाहेरच्या खोलीतला पंखा माझा, खिडकीकडची जागा माझी, भाताची खरपुडी माझी. मग मनीषा राहायला आली.

मनीषा तलासरीच्या पुढची. अच्छाडला गुजरातच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागते ना, त्याच्या अलीकडे हायवेवरून आत उतरलं की तिचा पाडा. तिला हॉस्टेल मिळालं नव्हतं आणि आमच्या दोघींचा प्रोजेक्ट एकत्र होता, म्हणून मीच आईला म्हटलं, आठवड्यातले चार दिवस राहू दे आपल्याकडे. मीच म्हटलं, हे लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी तिने जेवून झाल्यावर स्वतःचं ताट घासलं आणि माझंही घासलं. आईने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, पण त्या बघण्यात बावीस वर्षांची सगळी ताटं होती. दुसऱ्या आठवड्यात आई तिला 'बाय' म्हणायला लागली. आमच्याकडे 'बाय' म्हणजे लाडाचं. मला आई 'बाय' फक्त ताप आल्यावर म्हणायची, आणि तेही शंभरच्या वर गेला तरच.

प्रोजेक्ट सांगते, सोपा आहे. मनीषाच्या पाड्याजवळून एक ओहोळ जातो. वरच्या अंगाला एक कारखाना आहे, त्याचा नाला त्यात येतो, आणि ट्रक धुतलेलं पाणीही येतं. तर त्या पाण्याने ओहोळातल्या जिवांचं काय होतं, हे बघायचं. आमच्या गाईड चुरी मॅडमनी खेकडे निवडले, कारण खेकडा लांब कुठे जात नाही, जिथे राहतो तिथलंच पाणी श्वासाला वापरतो. त्याची पाठ उघडली की दोन्ही बाजूंना मऊ पिसांसारखे कल्ले दिसतात. पाणी बरं असेल तर ते पांढरे, दुधाळ असतात. पाणी वाईट असेल तर काळे पडतात, कडेने कुजतात. पण नुसते काळे दाखवून कोणाला काय पटणार. शेजारी एक चांगली जागा लागते, तोच खेकडा, तोच महिना, फक्त पाणी स्वच्छ. ती जागा मी सुचवली. आशागडला मामाच्या वाडीमागचा ओहोळ. लहानपणी मी त्यात पोहायला शिकले होते, त्याच्याच काठावर चिकू पाण्यात बुडवून थंड करून खाल्लेत. मॅडम म्हणाल्या, "छान. तलासरीची बाजू मनीषा करेल, आशागडची निकिता."

इथेच माझं वाटोळं झालं, मला कळायला जरा वेळ लागला. दर पंधरा दिवसांनी आम्ही खेकडे आणायचो, बर्फावर ठेवून निपचित पडले की मग ट्रेमध्ये उघडायचो. मनीषाचा ट्रे उघडला की अख्खी लॅब गोळा व्हायची. "अरे बापरे, हे बघ." "कडा बघ, खाल्ल्यासारख्या झाल्यात." मॅडम मायक्रोस्कोपवरून उठायच्याच नाहीत. फोटो निघायचे. दुसऱ्या डिपार्टमेंटचे सर यायचे. मग माझा ट्रे. मॅडम एक डोळा लावायच्या आणि म्हणायच्या, "हं. नॉर्मल. पुढचा." पुढचाही नॉर्मल. त्याच्या पुढचाही. अख्खं वर्ष मी नॉर्मल आणत होते. एकदा तर मी मायक्रोस्कोपला डोळा लावून खरंच मनात म्हटलं होतं, एक तरी काळी रेघ दिसू दे. केसाएवढी चालेल. मला माझा ओहोळ थोडा आजारी हवा होता, म्हणजे कोणीतरी त्याला बघायला येईल. आता लिहिताना विचित्र वाटतंय, पण तेव्हा अजिबात विचित्र वाटलं नव्हतं. तेव्हा वाटायचं, हिचं नशीब बघा, हिचं पाणीसुद्धा काळं.

घरी तीच कथा. जेवताना पप्पा विचारायचे, "काय मनीषा, काय म्हणतोय तुमचा कारखाना?" आणि ती सांगायची, कसा संध्याकाळी फेस येतो, कशी म्हैस पाणी हुंगून परत फिरते. पप्पा घास हातात धरून ऐकायचे. मग कोणीतरी आठवण झाल्यासारखं म्हणायचं, "आणि निकी, तुझं?" मी म्हणायचे, "ठीक." आई म्हणायची, "बरंय बाई," आणि माशाची मोठी तुकडी मनीषाच्या ताटात वाढायची. तिच्या ताटात, माझ्या देखत. ती म्हणायची, "नको काकी, निकिताला द्या," आणि त्याचा मला आणखी राग यायचा, कारण आता मागून घेतली असती तर मी हावरट ठरले असते.

त्यातच कारखान्याने मोठं व्हायला परवानगी मागितली आणि तलासरीला जनसुनावणी लागली. समिती येणार, लोकांचं ऐकणार, मग ठरवणार. मॅडमनी आमचा अभ्यास मांडायची परवानगी काढली. त्या म्हणाल्या, आकडे वाचून दाखवले तर कोणी मान वर करणार नाही, आपण खेकडे त्यांच्यासमोर उघडू. मनीषा बोलणार आणि तिचे काळे उघडणार. आणि मग पाच मिनिटं माझी. मी आशागडचे पांढरे उघडणार, दोन्ही ट्रे शेजारी ठेवणार. पाच मिनिटं, पण सगळ्यांसमोर, आणि माझ्या ट्रेशिवाय तिच्या ट्रेला अर्थच नाही. मॅडमनी हे असं बोलून दाखवलं तेव्हा मी वर्षभरात पहिल्यांदा मनापासून हसले. पाच मिनिटांची मी आरशासमोर तयारी केली. साडीसुद्धा ठरवली.

सुनावणी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. दसऱ्याच्या दिवशी मी मामाकडे जाऊन खेकडे घेऊन आले, चांगले टपोरे, ओल्या गोणपाटात गुंडाळून बादलीत. कॉलेजची लॅब सुट्टीमुळे बंद, म्हणून बादली आमच्या मोरीत. मला काडीची काळजी नव्हती, कारण नवरात्र होतं. नवरात्रात आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. देवापुढे घट बसलेले, धान्य उगवून वीतभर झालेलं, ज्योत्स्नाबेनची खिडकी नऊ दिवस सताड उघडी. त्या दिवसांत मोरीत अख्खा मासळीबाजार ठेवला असता तरी कोणी बोट लावलं नसतं. मी आईला सांगितलंसुद्धा नाही की हे प्रोजेक्टचे आहेत. नवरात्रात सांगायची गरज काय? फक्त एवढंच डोक्यात आलं नाही की दसऱ्याला घट उठतात.

दुसऱ्या दिवशी पोस्टर छापून आणायला मी दुपारी बाहेर पडले. दुकानात ही गर्दी. परत आले तर गल्लीच्या तोंडाशीच वास आला. भाजलेलं खोबरं, कांदा, आणि तो खेकड्याच्या पायांचा वास, पाय पाट्यावर ठेचून त्यांचं पाणी गाळून घालतात ना, तो. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. नऊ दिवसांनी. मी चपला काढता काढता ओरडले, "आई, आज चिंबोरी?" ज्योत्स्नाबेनची खिडकी बंद होती. आत मनीषा जेवत होती. ती तेवढ्यात तिच्या पाड्यावरून तिचे खेकडे घेऊन आलेली, तिचा थर्माकोलचा डबा दाराशी. तांदळाची भाकरी, वाटीभर लालभडक कालवण, आणि ती नांगी फोडून चोखत होती, डोळे मिटून. मी मोरीत डोकावले. बादली धुऊन पालथी घातलेली.

"आई, बादलीतले खेकडे?"

"हे काय," आई पातेल्याकडे बोट करून म्हणाली. "मामाने काय छान दिलेत. भरलेले होते एकेक. बस, वाढते."

"आई, ते प्रोजेक्टचे होते."

आईचा डाव हवेत राहिला. "मग सांगायचंस ना गो. घट उठल्यावर घरात खेकडे आले, मी काय त्यांची पूजा करू?"

"मग तिचे का नाही शिजवलेस? तिचेही डब्यात आहेत की."

"उघडून बघितला मी तो डबा. डिझेलचा वास. ते कोण खाईल?"

म्हणजे तिथेसुद्धा. माझे इतके चांगले की पातेल्यात गेले, तिचे इतके वाईट की वाचले. मनीषा ताटावरून उठली, तिचे हात कोपरापर्यंत लाल, आणि ती म्हणाली, "निकिता, मला माहीत नव्हतं गं." मी म्हटलं, "तू खा. तुझंच आहे सगळं." आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. जेवले नाही. भिंतीपलीकडून आई आणि ती हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या, त्याचाही राग आला.

मामाला फोन लावला तर तो लागत नव्हता. सकाळी उठले तर आई घरात नव्हती. गॅसपाशी पोहे झाकून ठेवलेले. पप्पा म्हणाले, "पहाटेच गेली, मला काही बोलली नाही." मला वाटलं रुसून गेली. मॅडमना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आकडे आहेत आपल्याकडे. चल." आकड्यांना कोण बघणार, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

हॉल गच्च. मनीषाच्या पाड्यावरची माणसं, कारखान्यात कामाला जाणारीही बरीच, समोर टेबलामागे समिती, मध्ये अध्यक्ष म्हणून एक अधिकारी बाई. मनीषा बोलली. खरं सांगते, चांगली बोलली, मला चूक सापडली नाही आणि मी शोधत होते. तिने खेकडा उघडला, काळे कल्ले चिमट्याने उचलून दाखवले, मागच्या रांगा उभ्या राहिल्या. मग कारखान्याच्या बाजूने एक सल्लागार उठले, शांत, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, "मॅडम, हे सीझनल आहे. पावसानंतर सगळ्या ओढ्यांना गाळ असतो. या भागातले खेकडे सगळीकडे असेच मिळतील."

अधिकारी बाईंनी आमच्याकडे बघितलं. "दुसऱ्या जागेचे आणणार होतात ना तुम्ही?"

माझी पाच मिनिटं. मी उभी राहिले. "मॅडम, त्याचे आकडे आहेत."

"खेकडे?"

"खेकडे... नाहीयेत."

"खाल्ले वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं आणि हॉल हसला. चेष्टाच केली होती त्याने, पण मला वाटलं जमीन फाटावी.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "खाल्ले. मीच रांधले. हे दुसरे आणलेत." आई. साडी पोटरीपर्यंत भिजलेली, हातात मामाकडची पिशवी, पिशवी हलतेय. ती सरळ टेबलापाशी आली. मी ट्रे घ्यायला हात पुढे केला, तर अधिकारी बाई म्हणाल्या, "असू दे, त्यांना दाखवू दे." असू दे म्हणे. आईने खेकडा उचलला, अंगठा घातला आणि पाठ उघडली, ना बर्फ, ना चिमटा, डोळ्याचं पातं लवायच्या आत. "ही बघा साहेब. ही पिसं. पांढरी असतात. आम्ही ही टाकून देतो, पण बघून टाकतो. असली काळी निघाली तर अख्खा खेकडा टाकतो."

सल्लागार म्हणाले, "या कोण? यांचं शिक्षण काय?"

"मी हिची आई," आई म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. तेव्हा कुठे अख्ख्या हॉलने माझ्याकडे बघितलं.

सल्लागारांनी मग विचारलं, हे खेकडे खरंच आशागडचे कशावरून, कुठूनही आणले असतील. तो प्रश्न बरोबरच होता, मॅडमही मान हलवत होत्या. अधिकारी बाई म्हणाल्या, "मग आपणच जाऊन बघू, दोन्ही जागा." दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मध्ये आई, तिच्या शेजारी मनीषा, आणि डाव्या कडेला एक कोपर. ते माझं. आईने तो फोटो अजून मांडणीवर लावून ठेवलाय, आणि पाहुण्यांना कोपरही न विसरता दाखवते.

पाहणीला आशागडला मीच घेऊन गेले सगळ्यांना. चिकूच्या वाडीतून, बांधावरून. माणसं पाण्यात उतरली, स्वतःच्या हाताने खेकडे धरले, बाटल्या भरल्या, सल्लागारांचं बोट एका खेकड्याने नांगीत धरलं, तेवढंच सुख. मनीषा जरा वर दगडावर बसली होती, पाय पाण्यात सोडून. मी तिच्याशी चार दिवस बोलले नव्हते. मी जवळ गेले तर ती पाण्याकडे बघतच म्हणाली, "त्या दिवशी पहिल्या घासालाच कळलं होतं मला. बाजारचे नाहीत, ओहोळाचे आहेत. म्हटलं, विचारावं काकींना. नाही विचारलं."

"का?"

"विचारलं असतं तर खाता आलं नसतं." तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडून दिलं. "आमच्या ओहोळाचे खेकडे शेवटचे खाल्ले तेव्हा मी शाळेत होते. मला सारखी म्हणतेस ना, तुझं पाणी भारी, तुझ्याभोवती गर्दी. बदली करतेस? मी इथे राहते. तू जा अच्छाडला."

मी तिच्या शेजारी दगडावर बसले. ती म्हणाली, "मी रोज जळायचे गं तुझ्यावर. मॅडम 'नॉर्मल' म्हणायच्या आणि तू तोंड वाकडं करायचीस. मला वाटायचं, तुला एक लावून द्यावी."

कारखाना बंद वगैरे काही झाला नाही. मोठं व्हायची परवानगी अडकली, नाल्याचं पाणी आधी शुद्ध करून दाखवा म्हणाले. आणि एक बारीकशी अट आली, सल्लागारांच्या त्या 'सगळीकडे असेच' मुळे. दरवर्षी दसऱ्यानंतर तलासरीबरोबर आशागडचेही खेकडे तपासायचे, तुलनेला. माझा काही न होणारा ओहोळ, त्याचं हेच काम झालं. दरवर्षी तो बघितला जातो. आशागडची तपासणी आता माझ्याकडे, तलासरीची मनीषाकडे. आणि दरवर्षी तिचा फोन येतो. ती म्हणते, "सांग, किती पांढरे?" मी म्हणते, "सगळे." ती म्हणते, "जाळ मला." हसतो. शिवाय आई अजूनही तिच्यासाठी नांग्या वेगळ्या काढून डबा पाठवते, ते मला अजूनही झोंबतं, ते काही गेलेलं नाही.

तर आज सकाळी मी आशागडचा ट्रे उघडला. पहिला पांढरा. दुसरा पांढरा. तिसऱ्याच्या डाव्या बाजूला, कडेला, काळी रेघ. केसाएवढी. मी बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठले नाही. मामाच्या वाडीच्या वरच्या वळणावर गेल्या उन्हाळ्यापासून ट्रक धुतात, मामा बोलला होता, मी म्हटलं होतं बघू. पुढचा उघडला. त्यालाही.

इथपर्यंत टाइप केलं आणि फोन आला. मध्येच सोडून उचलला, आता पुढचं लिहितेय. मी हॅलो म्हणायच्या आत ती म्हणाली, "थांब, यंदा आधी मी सांगणार. माझे दोन पांढरे निघाले, निकिता. दोनच, पण एकदम पांढरे. मॅडमनी तीनदा बघितले." तिचा आवाज धावत होता. मागे ट्रकचा हॉर्न, तिच्या आईचं काहीतरी मोठ्याने बोलणं, सगळं घर फोनपाशी गोळा झालेलं असावं. आणि मी जळले. ट्रे समोर उघडा असताना, काळी रेघ दिसत असताना, त्या दोन खेकड्यांवर जळले, पार आतून, त्या वर्षीसारखीच.

"बोल ना," ती म्हणाली. "तुझे किती? सगळे ना? जाळ मला."

मी म्हटलं, "मनीषा, तू आधी बसून घे."